आजीला बाहेर बसवा

माझी नात अठरा वर्षांची झाली आणि लहान मुलांच्या डॉक्टरांनी तिला हाकललं. हसून, पाठीवर हात ठेवून हाकललं, पण हाकललंच.

तिच्या कागदावर सेरेब्रल पाल्सी असं नाव आहे. जन्मली तेव्हा रडली नाही. मेंदूला थोडा वेळ हवा पोचली नाही, तेवढ्यात जे व्हायचं ते होऊन गेलं. तिचे हातपाय ताठ राहतात, उजवी बाजू जास्त. वॉकर धरून ती घरातल्या घरात चालते. बोलते, पण एक वाक्य बाहेर येईपर्यंत आपला अर्धा कप चहा पिऊन होतो. डोकं मात्र आमच्या घरात तिचंच सगळ्यांत चांगलं. लिहायला दुसरी मुलगी घेऊन ती बारावी पास झाली आणि आता घरी बसून बी.ए. करते. मी चौथी शिकलेली आहे, त्यामुळे मला दटावायचा हक्क आपल्यालाच आहे असं तिला वाटतं.

आमचं गाव तेरच्या जवळ. लेक शेत बघतो, सून अंगणवाडीत मदतनीस आहे. दवाखाना पहिल्यापासून माझ्याकडे. ती वर्षाची होती तेव्हापासून मी तिला धाराशिवला नेते. आधी कडेवर नेलं, मग पाठीवर, आणि आता एसटीच्या पायऱ्यांवर मी मागून ढकलते आणि कंडक्टर वरून ओढतो.

दुसरं म्हणजे मी बाळं माखते. गावात कुणाकडं बाळंतपण झालं की सव्वा महिना रोज सकाळी जायचं, पाय लांब करून बसायचं, बाळाला पायावर घ्यायचं, करडईचं तेल कोमट करून अंग चोळायचं आणि ऊन ऊन पाण्यानं न्हाऊ घालायचं. हे मी चाळीसेक वर्षं करत आले. माखताना बाळ रडतं. रडायलाच पाहिजे, असं आमच्यात सगळे मानतात. रडलं की छाती फुलते, अंग मोकळं होतं, मग बाळ दोन तास गाढ झोपतं. न रडणारं बाळ बघून उलट बायका काळजीत पडतात.

नातीलाही मी तशीच माखत आले. सव्वा महिना नाही, अठरा वर्षं. ताठ पाय धरायचा, गुडघ्यातून सरळ करायचा, मग मांडीतून बाहेर ओढायचा. ती दोन वर्षांची असताना लहान मुलांचे डॉक्टर म्हणाले होते, "आजींचे हात चांगले आहेत." ते मी गावभर सांगितलं होतं, आणि आता इथंही लिहिलं.

तर त्या डॉक्टरांकडे आम्ही शेवटच्या वेळी गेलो. त्यांच्या खोलीत भिंतीवर ससे आणि हत्ती काढलेले आहेत आणि खुर्च्या वीतभर उंचीच्या. नात एका खुर्चीवर बसली तर तिचे गुडघे हनुवटीला लागले. शेजारी एक बाई तान्हं लेकरू घेऊन बसली होती. तिनं नातीला विचारलं, "ताई, तुमचं बाळ कुठाय?"

नातीनं माझ्याकडं बोट केलं. बाई हसायचं की नाही या विचारात पडली.

डॉक्टर म्हणाले, "आता हिचं वय झालं. यापुढं मोठ्यांच्या विभागात जायचं. पायासाठी हाडांचे डॉक्टर, आकडीच्या गोळीसाठी मेडिसिनचे, दात दुखले तर दातांचे."

मी म्हणाले, "आन् तुम्ही?"

"मी लहान मुलांचा."

"मग आमची अजून लहानच हाय की."

"आजी, ती मतदान करेल आता," ते म्हणाले. मग त्यांनी बराच वेळ बसून एक चिठ्ठी लिहिली. चिठ्ठी कसली, दीड पान होतं. अठरा वर्षांचं सगळं त्यात घातलं म्हणाले, म्हणजे पुढच्या डॉक्टरला पहिल्यापासून सांगावं लागणार नाही. चिठ्ठी त्यांनी माझ्या हातात दिली नाही, नातीच्या हातात दिली. हे मला तेव्हाच खटकलं होतं.

एसटीत बसल्यावर मी म्हणाले, "वाच की, काय लिवलंय?"

तिनं इंग्रजी वाचून मराठीत सांगितलं. जन्मतःच रडली नाही. आकडी कधी सुरू झाली, गोळी कोणती, किती. सातव्या वर्षी टाचेची शीर सैल करायचं ऑपरेशन. बारावी पास.

"आन् त्याच्याखाली?"

"खाली त्यांची सही."

"सहीच्या वर दोन ओळी दिसत्यात."

"ते डॉक्टर लोकांचं आपसातलं असतंय, आजे."

मी मानलं. मला इंग्रजी येत नाही, पण ओळी मोजता येतात, हे ती विसरली होती. आणि तिला खोटं बोलता येतं, हे मी विसरले होते.

पुढच्या आठवड्यात मोठ्यांच्या विभागात गेलो. तिथं माणसाचे तुकडे करून वाटून घेतात. पाय या दारात, डोकं त्या दारात, दात वरच्या मजल्यावर. आमच्या जुन्या डॉक्टरांना खोकला दाखवायला गेलं तरी ते पाय बघायचे, शाळेचं विचारायचे, सुनेची तब्येत विचारायचे. इथं दारावर जे लिहिलंय तेवढंच. आम्ही आधी हाडांच्या दारापुढं रांगेत लागलो. रांगेत सगळे मोडलेले, कुणी झाडावरून पडलेला, कुणी मोटारसायकलवरून. आमच्यासारखं जन्मापासूनचं कुणी नव्हतं. दवाखान्याच्या चाकाच्या खुर्चीत नात आणि मागं मी. लोक तिच्याकडं बघायचे आणि विचारायचे मला, "काय झालंय हिला?"

आत डॉक्टरीणबाई होत्या, तिशीच्या आसपासच्या. त्यांनी चिठ्ठी बाजूला ठेवली आणि नातीकडं बघून विचारलं, "काय त्रास आहे?"

मी म्हणाले, "त्रास काय न्हाई. ताठरपणा हाय, तो तर जल्मापासून. म्या रोज माखते."

"दुखतं का कुठं?"

"दुखत न्हाई तिला."

"मी तिला विचारते आहे."

"तेच की बाई. तिला बोलायला येळ लागतोय. भाईर एवढी माणसं खोळंबल्यात, तुमचाच येळ वाचवतीया म्या."

डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी उचलली, शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाल्या, "आजी, तुम्ही जरा बाहेर बसा."

"का म्हणून?"

"चिठ्ठीत लिहिलंय."

"काय लिवलंय?"

त्यांनी वाचून दाखवलं. "हिला स्वतःला विचारावं आणि उत्तराला वेळ द्यावा. आजी प्रेमळ आहेत, पण मधे बोलतात. आजीला बाहेर बसवा."

मी नातीकडं बघितलं. ती वर पंख्याकडं बघत होती. पंखा बंद होता.

मी उठले. दार लावताना जरा जोरात लागलं.

बाहेर बाकावर आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीचे एक चाचा बसले होते, हात प्लास्टरमध्ये, गळ्यात बांधलेला. त्यांनी सरकून जागा दिली.

"आत कोण हाय?"

"नात."

"आन् तुम्ही भाईर?"

"काढलं मला."

"भांडण केलं काय?"

"न्हाई. उत्तर दिलं."

चाचा इतके हसले की त्यांना हात सावरावा लागला. "माझी घरवाली बी तशीच. डॉक्टर मला इचारतो आन् सांगती ती. पडलो मी, हात मोडला माझा, पर कसा पडलो ते तिलाच ठाऊक."

"मग कुठं हायेत त्या?"

"घरी. तिला न सांगता आलोय आज."

मला हसू आलं नाही. आत काय चाललंय तेच डोक्यात होतं. तिला तहान लागली तर ती सांगायला लाजते. घाईत बोलायला गेली की तिची मान मागं जाते, मग शब्दच निघत नाही. ती डॉक्टरीण तिला मंद समजेल. मी दोनदा उठले आणि दोनदा बसले. तिसऱ्यांदा उठले तेव्हा चाचा म्हणाले, "किती वर्साची हाय?"

"अठरा."

"मग बसा की."

आमच्या मागचे चारपाच जण कुरकुरायला लागले तेव्हा कुठं दार उघडलं. नर्सनं खुर्ची बाहेर आणली, नातीच्या हातात एक कागद होता.

"काय झालं?"

"फोटो काढायचाय. एक्सरे."

"कशाचा?"

"खुब्याचा. उजव्या."

"खुब्याला काय झालंय?"

"मग सांगतील," ती म्हणाली आणि माझ्याकडं न बघता पुढं बोट केलं, म्हणजे खुर्ची ढकल.

एक्सरे काढून आलो तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मला आत बोलावलं. कॉम्प्युटरवर फोटो दाखवला. माणसाची मांडी कंबरेत कशी बसते ते मी हातांनी रोज चाचपते, पण आतून कधी बघितलं नव्हतं. वाटीत गोळा असतो. डावीकडं तो नीट होता. उजवीकडं गोळा वाटीतून थोडा बाहेर सरकला होता, झाकण वाकडं बसावं तसा.

"हिचे पाय रोज कोण ओढतं?" त्यांनी विचारलं.

"मी."

"दोन वर्षांपासून उजव्या खुब्यात दुखतंय तिला. तुम्ही ओढता तेव्हा जास्त."

मी हात पदराखाली घेतले. मला बाहेर काढायची आता गरज नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी नीट सांगितलं, ते मी जसंच्या तसं लिहिते. गोळा सरकला तो माझ्यामुळं नाही. या आजारात मांडीचे स्नायू ताठ राहून हाडाला ओढत राहतात, वाढत्या वयात असं होतं. पण सरकलेल्या खुब्याला जोर लावला की दुखणारच. तो पाय आता ओढायचा नाही. ताठरपणासाठी गोळी देणार, व्यायाम शिकवणारी बाई हळू व्यायाम शिकवणार. दुखणं नाही थांबलं तर सोलापूरला मोठं ऑपरेशन, मग कितीतरी आठवडे पडून राहायचं. तसंच सोडून द्यायचं नाही, कारण दुखणं वाढत गेलं तर पुढं बसणंही अवघड होईल.

बसणं अवघड होईल हे ऐकल्यावर मी खुर्चीत बसलेल्या नातीकडं बघितलं. बसून ती अभ्यास करते, बसून जेवते, बसून भांडते. तिचं सगळं बसण्यावर आहे.

मी म्हणणार होते, करून टाका ऑपरेशन. तोंडही उघडलं होतं. डॉक्टरीणबाई नातीकडं बघत थांबल्या होत्या, मग मीही थांबले. नातीची मान थोडी मागं गेली, परत पुढं आली.

"आधी... ओढायचं बंद करून बघू," ती म्हणाली. "तीन महिने. परीक्षा हाय माझी. मग बघू."

"ठीक आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि तसंच लिहिलं. मला कुणी विचारलं नाही.

एसटी स्टँडवर मी तिला म्हणाले, "मला सांगितलं का न्हाईस?"

आमची गाडी लागायची होती. तिनं बरंच लांब सांगितलं, आणि मी पहिल्यांदा मधे बोलले नाही. ती म्हणाली, "लहान असताना रडत व्हते. तवा तू म्हणायचीस, रड, अंग मोकळं व्हतंय. मग रडायचं बंद केलं. तवा तू सगळ्यांना सांगत सुटलीस, पोरीला आता गुण आला. लई खूश झालीस. खुबा दुखाया लागला, तवा कसं सांगू?"

लोक म्हणतील मला रडू आलं असेल. मला राग आला. आधी वाटलं जुन्या डॉक्टरांचा आला, मग वाटलं डॉक्टरीणबाईंचा. खरं सांगायचं तर तिचाच आला. दोन वर्षं रोज सकाळी पोरगी दातावर दात दाबून पडून राहिली आणि मी तेल लावताना गावातल्या गोष्टी सांगत बसले. त्यात ती हसायचीसुद्धा. माणसानं माणसाला एवढं फसवू नये, आजीला तर नाहीच.

त्यानंतर चार दिवस मी तिच्या पायाला हात लावला नाही. उजव्याला नाही आणि डाव्यालाही नाही. चहा ठेवायचा, जेवण ठेवायचं, निघून जायचं. सुनेनं दोन दिवस बघितलं. तिसऱ्या दिवशी भाकरी थापताना म्हणाली, "आत्याबाई, पाय ओढायचा बंद करायला सांगितलाय. बोलायचं बंद करायला कुणी सांगितलं न्हाई."

"तू तुझ्या भाकरीकडं बघ," मी म्हणाले. भाकरी खरंच करपत होती.

पाचव्या दिवशी सकाळी नातीनं हाक मारली. "आजे, पाय."

"पायाला काय?"

"ताठलेत. चोळ."

"दुखतंय म्हणतीस की."

"मी सांगन तसं चोळ."

मी तेल कोमट केलं आणि बसले. व्यायामाच्या बाईनं मोबाईलवर पाठवलेला व्हिडिओ बघून ती मला सांगत होती. उजव्या पायाला फक्त तेल, ओढायचं नाही. गुडघ्याखाली उशी. मांडी तळहातानं धरून नुसतं थांबायचं, पायच हळूहळू सैल होतो. माझे हात थांबायला शिकलेले नाहीत. आपोआप पुढं जायचे, मग ती "आजे" म्हणायची आणि मी थांबायचे. चाळीस वर्षांचं काम मी तिच्याकडून पहिलीपासून शिकले आणि ती मास्तर म्हणून चांगली नाही. लवकर चिडते.

"दुखलं?" मी विचारायची.

"न्हाई."

"खरं सांग."

"दुखलं की सांगन म्हणलं न्हाई का!"

पंधरा दिवसांनी ती खरोखर सांगायला लागली. जरा जोर झाला की मोठ्यानं ओरडायची, गल्लीत ऐकू जाईल असं. शेजारीण एकदा बघायला आली. दुखतंय त्याहून जास्त ओरडते हे मला कळायचं. दोन वर्षांचं राहिलेलं काढत असेल, म्हणून मी काही म्हणायची नाही.

त्याच महिन्यात गावात एका घरी बाळ माखायला जात होते. माखताना बाळ रडलं आणि माझे हात थांबले. बाळाची आई म्हणाली, "आजी, थांबलात का? रडू द्या की, तुम्हीच म्हणता."

"बघतीया," मी म्हणाले. बाळाचा एक हात हलवून बघितला, मग दुसरा, मान बघितली. काही नव्हतं, भूक होती. बरीच बाळं उगीचच रडतात. पण बघायला काय जातं?

तीन महिन्यांनी परत धाराशिवला गेलो. चाकाची खुर्ची मी दारापर्यंत ढकलली आणि मला कुणी सांगायच्या आत बाकावर जाऊन बसले. नातीनं मागं वळून बघितलं. मी हातानं खुणावलं, जा. आतून काही ऐकू येत नव्हतं. डॉक्टरीणबाईंचा आवाज यायचा आणि मग लांबलचक शांतता. ती शांतता म्हणजे नात बोलतेय, हे मला माहीत होतं. या खेपेला रांगेतला एक माणूस घड्याळ बघून म्हणाला, "आत झोपला का काय पेशंट?" मी म्हणाले, "बोलतोय पेशंट. तुमचा नंबर आला की तुम्ही बी बोला, तुम्हाला कुणी अडवलंय?" त्यानं घड्याळावर बाही ओढली.

ती बाहेर आली. मी तोंड बंद ठेवलं. ते सोपं नव्हतं.

"भूक लागलीया," ती म्हणाली.

स्टँडसमोरच्या हॉटेलात मी तिच्यासाठी इडली सांगितली आणि मला चहा. तिला खायला वेळ लागतो. घास गिळायला नीट वेळ दिला नाही तर ठसका लागतो, म्हणून खाताना आम्ही तिला बोलायला लावत नाही. मी पहिली इडली संपेपर्यंत बसले. दुसरी संपेपर्यंत बसले. तिनं सांबार परत मागवलं. मुद्दाम मागवलं.

मग पाणी पिऊन ती म्हणाली, "दुखणं निम्म्यानं कमी हाय. गोळी हीच चालू. फोटो सहा महिन्यांनी. ऑपरेशन आत्ता न्हाई. लागलं तर पुढची परीक्षा झाल्यावर, मी ठरवल्यावर."

"बसता येईल का पुढं?"

"तेच इचारलं मी. बघत राहायचं म्हणाल्या. आत्ता तरी येतंय."

आत्ता तरी येतंय. मला तेवढं पुरेसं होतं, कारण ती समोर बसलेली होती आणि बोटानं ताटलीतली चटणी पुसून खात होती. पण एक गोष्ट विचारल्याशिवाय राहवेना.

"आन् माझ्याबद्दल काय म्हणल्या?" मी विचारलं. "म्या इतकं नीट चोळते आता, ते सांगितलंस का न्हाईस?"

"त्यांनी तुझं इचारलंच न्हाई," नात म्हणाली.

मी चहा संपवला आणि गाडी बघायला उठले.